वीतभर इग्वाना आणि सहा फुटांची भिंत

प्रश्न : आम्ही विक्रोळीला सहाव्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरी मी, यजमान, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत. मुलाला गेले वर्षभर हिरवा इग्वाना, म्हणजे सरड्याच्या जातीचा परदेशी प्राणी, पाळण्याचा ध्यास लागला आहे. आम्ही एका दुकानात चौकशी केली, तेव्हा शेपटीसह वीतभर लांबीचे, पोपटी रंगाचे पिल्लू दाखवण्यात आले. "दोन फुटांची काचेची टाकी, एक बल्ब आणि खाली ठेवायचा विजेवरचा गरम दगड एवढे पुरे, टाकी लहान ठेवली की प्राणीही लहानच राहतो," असेही सांगण्यात आले. हॉलमध्ये टीव्हीशेजारी साडेचार फुटांची जागा रिकामी आहे. मुलाची खोली १० बाय ९ फुटांची असून तिथे एसी आहे. दिवाळीच्या सुट्टीत पिल्लू आणावे असे घाटत आहे. त्याआधी घरात नेमकी काय तयारी करावी?
— एक आई, विक्रोळी

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे ते प्राणी घरात येण्याआधी लिहिलेले आहे. इग्वानाविषयीची बहुतेक पत्रे माझ्याकडे तो आणून सात-आठ महिने झाल्यावर येतात, आणि तोपर्यंत कोणाच्या इग्वानाचा जबडा मऊ पडलेला असतो, कोणाच्या इग्वानाचे मागचे पाय थरथरू लागलेले असतात, तर कोणाच्या इग्वानाच्या पोटावर भाजल्याचे चट्टे उठलेले असतात. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. दिवाळीच्या सुट्टीत पिल्लू आणू नका. त्या सुट्टीत त्याचे घर बांधा, ते रिकामे घर दोन-अडीच महिने दिवे लावून चालवून पाहा आणि त्यातले तापमान व दमटपणा जिथल्या तिथे राहतात अशी खात्री पटली, तरच फेब्रुवारीत पिल्लू आणा. घरातली सहा फुटांची एक भिंत कायमची मोकळी करून देता येत नसेल, तर हा प्राणी तुमच्या घरासाठी नाही, आणि तसे ठरवण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दुकानात ऐकलेले ते वाक्य प्रथम मनातून काढून टाका. टाकी लहान ठेवल्याने इग्वाना लहान राहत नाही. लहान टाकीत त्याची वाढ खुंटलीच, तर ती आजारपणामुळे खुंटते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत पाण्याकाठच्या उंच झाडांवर राहणारा आणि पाल्यावर जगणारा हा प्राणी आहे. नीट खाणे, ऊब आणि प्रकाश मिळाला, तर आज वीतभर असलेले पिल्लू वर्षभरात दोन फुटांच्या आसपास पोचते, पुढच्या दोन-तीन वर्षांत चार फुटांच्या घरात जाते आणि पूर्ण वाढलेला नर शेपटीसह पाच ते सहा फूट भरतो. वजन चार-पाच किलो, काहींचे त्याहूनही अधिक. चांगली निगा राखलेला इग्वाना १५ ते २० वर्षे जगतो. म्हणजे तुमचे चिरंजीव शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर पडतील तेव्हा हा प्राणी ऐन उमेदीत असेल आणि रोज सकाळी पाला चिरून देण्याचे काम तुमच्याकडे आलेले असेल, हा हिशेब यजमानांशी आजच बोलून घ्यावा.

तेव्हा घर बांधायचे ते वीतभर पिल्लाच्या मापाने बांधायचे नसून सहा फुटांच्या प्राण्याच्या मापाने बांधायचे आहे. किमान माप सहा फूट लांब, तीन फूट खोल आणि सहा फूट उंच असे धरावे. खोलीत कंजूषी करू नये. दोन फूट खोलीच्या कपाटवजा पेटीत मोठ्या इग्वानाला धड वळता येत नाही आणि वळताना शेपटी दरवाजात सापडते. पिल्लासाठी आधी छोटी पेटी करू आणि मोठे झाल्यावर मोठी करू असा विचार बहुतेक जण करतात, पण मुंबईत ती मोठी पेटी कधीच होत नाही, कारण तोवर त्या जागी दुसरे काहीतरी येऊन बसलेले असते. त्यापेक्षा आधीच मोठे घर करावे आणि पहिले काही महिने मध्ये अॅक्रिलिकचा काढता-घालता येणारा आडोसा बसवून त्याचा एक भागच पिल्लाला द्यावा, म्हणजे पिल्लाला अन्न सापडते आणि तुम्हाला पिल्लू सापडते.

आता भिंत कोणती, ते ठरवू. हॉलमधली साडेचार फुटांची जागा बाद समजावी. ती अपुरी आहेच, शिवाय टीव्हीचा आवाज, येणारी-जाणारी माणसे आणि रात्री अकरापर्यंत जळणारे दिवे या तिन्ही गोष्टी त्या प्राण्याच्या स्वभावाला मानवणाऱ्या नाहीत. राहिली मुलाची खोली. १० बाय ९ म्हणजे ९० चौरस फुटांपैकी १८ चौरस फूट, अर्थात बरोबर एक पंचमांश खोली इग्वानाची होईल. पलंग आणि अभ्यासाचे टेबल यांची मांडणी बदलावी लागेल आणि कपाट बहुधा दुसऱ्या खोलीत हलवावे लागेल. ते हलवून पाहा आणि मुलाला तशा खोलीत पंधरा दिवस राहू द्या. एसीमुळे खोली रात्री २४ अंशांवर असली तर प्राण्याचे बिघडत नाही, कारण रात्री २२ ते २५ अंश त्याला चालतात. अडचण आहे ती एसीच्या कोरड्या हवेची आणि थेट अंगावर येणाऱ्या झोताची. म्हणून पेटी एसीच्या समोरच्या भिंतीला नसावी आणि तिच्या तीन बाजू जाळीच्या न करता भक्कम फळ्यांच्या कराव्यात. भक्कम बाजूंचा आणखी एक फायदा म्हणजे परीक्षेच्या दिवसांत मुलगा उशिरापर्यंत दिवा लावून बसला, तरी समोर जाड पडदा ओढून प्राण्याला अंधार करून देता येतो.

खिडकीबाहेरच्या लोखंडी ग्रिलमध्ये पिंजरा ठेवण्याची कल्पना मुंबईत हटकून कोणीतरी सुचवतेच, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द. इग्वानाच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या थोडे मागे, फिकट रंगाचा एक बारीक खवला असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि वरून जाणारी सावली कळते, कारण जंगलात त्याचा शत्रू वरून येतो. आमच्याकडच्या इग्वानाचे नाव, हिरवा म्हणून, पोपटराव. आमच्या खिडकीवरून घार गेली की तो तोंडातले जास्वंदीचे पान तसेच धरून थिजतो, मान एका अंगाला कलती करून एक डोळा आभाळाकडे लावतो आणि घार दिसेनाशी झाल्यावरही पुष्कळ वेळ हलत नाही. मुंबईच्या आकाशात घारी आणि कावळे दिवसभर असतात. ग्रिलमध्ये राहणाऱ्या इग्वानाने खायचे केव्हा? याच कारणासाठी पेटी जमिनीवर ठेवून वरून डोकावणे त्याला आवडत नाही. त्याची बसण्याची मुख्य फळी तुमच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा थोडी वर आली, म्हणजे तो निवांत असतो.

बांधणीच्या बाबतीत 'घर पाहावे बांधून' ही म्हण मला पहिल्याच पावसाळ्यात पटली. माझा पहिला पिंजरा सुताराने साध्या कमर्शियल प्लायचा केला होता आणि मीही पैसे वाचले म्हणून खूश होतो. जुलैच्या मध्यावर तळाची फळी पावासारखी फुगली, सरकता दरवाजा खाचेत अडकला, आणि मागच्या कोपऱ्यात राखाडी बुरशी धरली ती पुसून पुन्हा पुन्हा येत राहिली. तेव्हा प्लाय घ्यायचा तो मरीन प्लायच घ्यावा, आणि त्यावर आयएस ७१० हा शिक्का स्वतः पाहून घ्यावा. आयएस ३०३ असे लिहिलेला प्लाय या कामाचा नव्हे. आतून सनमायका लावून सगळे सांधे मत्स्यपेटीसाठी वापरतात त्या सिलिकॉनने बुजवावेत, म्हणजे रोजचे पाणी लाकडात मुरत नाही. फळ्या, सनमायका आणि सिलिकॉन यांचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवावी. बंद पेटीत तो वास प्राण्याच्या छातीत जातो.

पुढची बाजू टफन काचेच्या सरकत्या दारांची करावी आणि त्या काचेच्या खालच्या दीड फुटाला बाहेरून अपारदर्शक कागद चिकटवावा. इग्वानाला काच हा अडथळा वाटत नाही. तो तिला नाक घासत राहतो आणि नाकपुडीवरचे कातडे सोलवटून घेतो. शिवाय वयात आलेल्या नराला विणीच्या दिवसांत काचेतले स्वतःचे प्रतिबिंब म्हणजे समोर उभा ठाकलेला प्रतिस्पर्धी वाटते. हवेसाठी एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर अशा दोन खिडक्या ठेवून त्यांना वेल्डमेशची, शक्यतो प्लास्टिकचे आवरण असलेली जाळी बसवावी. नायलॉनची मच्छरदाणीची जाळी नको. तिच्यात नखे अडकतात आणि ती सोडवण्याच्या झटापटीत बोट दुखावते. काचेवर मधूनमधून पांढऱ्या, खडबडीत ठिपक्यांचा शिडकावा दिसेल. तो सर्दीमुळे नसतो, अंगातले जादा क्षार हा प्राणी नाकावाटे शिंकून टाकतो.

आणि एक गोष्ट सुताराला काम देण्याआधीच सांगावी : पेटी बोल्टवर जोडता-सुटी करता येईल अशी हवी. सहा बाय तीन बाय सहाची अखंड पेटी तुमच्या लिफ्टमध्ये मावणार नाही, जिन्याच्या वळणावर अडेल, आणि घरातच बांधली तर पुढे रंगकामाच्या वेळी ती खोलीबाहेर काढायची कशी हा प्रश्न उभा राहील. चांगले बोल्ट आणि बिजागऱ्या नागदेवी स्ट्रीटला मिळतात, आणि तिथून चालत गेले की विजेच्या सामानासाठी लोहार चाळ आहेच.

विजेचे काम मात्र घाईने उरकू नये. इग्वाना आपल्या शरीरात ऊब तयार करू शकत नाही; बाहेरून ऊब घेतल्याखेरीज त्याचे खाल्लेले पचत नाही. पेटीत त्याला एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सावली मिळाली पाहिजे. बसण्याच्या वरच्या फळीवर ३५ अंश सेल्सिअस, फार तर ३८. थंड टोकाला २६ ते २८. आणि मधल्या फांद्यांवर या दोहोंच्या मधले काहीही. ही ऊब वरूनच आली पाहिजे. दुकानदाराने सांगितलेला गरम दगड घेऊच नका : पोटाखालून येणारी उष्णता इग्वानाला वेळेवर जाणवत नाही आणि तो कातडे भाजेपर्यंत त्यावर बसून राहतो. १५० वॉटचा एकच दिवा लावण्यापेक्षा ७५ वॉटचे दोन दिवे एक-दीड फुटाच्या अंतराने लावणे चांगले, कारण प्राणी लांब असतो; एका दिव्याखाली त्याची पाठ एका जागी तापते आणि बाकीचे अंग गारच राहिल्याने तो तिथून उठत नाही. दिवा चिनीमातीच्या होल्डरमध्ये, लोखंडी जाळीच्या टोपलीआड आणि प्राण्यापासून फूटभर तरी दूर असावा. पोपटरावांच्या पाठीवर अंगठ्याच्या नखाएवढा काळपट डाग आहे, तो माझ्या निष्काळजीपणाचा; 'एवढ्या उंच तो पोचणार नाही' असे मी ठरवून टाकले होते आणि तो वायरीला धरून पोचला. दिव्यांना ठरावीक तापमानाला ते आपोआप बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट लावावा, त्याचा संवेदक वरच्या फळीशी घट्ट बांधावा, आणि पेटीची सगळी जोडणी ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमागून, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचमागून, घ्यावी, कारण इथे वीज आणि पाण्याचा फवारा एकाच पेटीत नांदायचे आहेत. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

उबेच्या दिव्याने प्रकाशाचे काम भागत नाही. ऊन अंगावर पडले की त्यातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे इग्वानाच्या कातड्यात ड जीवनसत्त्व तयार होते, आणि ते असेल तरच खाल्लेले कॅल्शियम हाडांपर्यंत पोचते. ते नसले की हाडातले कॅल्शियम काढून रक्तात ओतले जाते; वर सांगितलेले मऊ जबडे आणि थरथरणारे पाय हे त्याचेच फळ. खिडकीतून खोलीत येणारे ऊन उपयोगाचे नाही, कारण साधी काच यूव्हीबी अडवते. म्हणून पेटीत सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली यूव्हीबीची लांब ट्यूब, सहा फुटांच्या पेटीला चार फुटांची, उबेच्या दिव्यांच्या बाजूनेच बसवावी, म्हणजे ऊन खाताना दोन्ही एकदम मिळतात. ट्यूब आणि प्राणी यांच्यामध्ये काच किंवा अॅक्रिलिक नसावे; अंतर साधारण फूट-दीड फूट, पण नेमके अंतर ट्यूबसोबतच्या कागदावर असते आणि तेच पाळावे. ती वरूनच लावावी. बाजूने लावली, तर भुवईच्या उंचवट्याची डोळ्यावर पडणारी सावली मिळत नाही आणि डोळ्यांना त्रास होतो. ट्यूब डोळ्यांना तेवढीच लख्ख दिसत असली, तरी तिच्यातले यूव्हीबी हळूहळू कमी होत जाते. म्हणून बसवल्याची तारीख तिच्या टोकावर लिहून ठेवावी आणि वर्ष झाले की बदलावी. दिवे सकाळी सात ते संध्याकाळी सात असे टायमरवर ठेवावेत. रात्री लाल दिवाही नको.

खर्चाचा विचार करताना विजेचाही करावा. १५० वॉट बारा तास म्हणजे १.८ युनिट आणि ५४ वॉटची ट्यूब बारा तास म्हणजे सुमारे ०.६५ युनिट; दिवसाला अडीच आणि महिन्याला ७० ते ७५ युनिट धरावेत. मे महिन्यात थर्मोस्टॅट दिवे बराच वेळ बंद ठेवील, तेव्हा थोडे कमी. पण हे युनिट तुमच्या चालू वापरावर चढून पुढच्या दराच्या टप्प्यात जाऊ शकतात, हे बिलावर पाहून घ्यावे.

दमटपणाच्या बाबतीत मुंबईने आपल्यावर उपकार केले आहेत. इग्वानाला ६५ ते ८० टक्के आर्द्रता लागते, आणि आपल्याकडे वर्षाचे बरेच महिने ती हवेतच असते. पावसाळ्यात उलट ती जास्त होते आणि बंद पेटीत बुरशी धरते; त्या दिवसांत पाण्याचा फवारा थांबवून वरच्या खिडकीपाशी संगणकातला असतो तसा छोटा पंखा बाहेर हवा फेकेल असा लावावा. एसी चालू असलेल्या खोलीत आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी मात्र सकाळ-संध्याकाळ फवारा मारावा लागतो. पावसाळ्यात पाणी तुंबून काही तास वीज गेली तर घाबरू नये. जुलैतल्या मुंबईच्या रात्री तशाही उबदार असतात. जपायचे ते जानेवारीत, कारण सांताक्रूझचे किमान तापमान तेव्हा १६-१७ अंशांच्या आसपास असते आणि काही रात्री त्याहूनही उतरते. त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिकचा तापक जाळीआड आणि थर्मोस्टॅटवर ठेवावा.

आत बसवायच्या फांद्या प्राण्याच्या धडाइतक्या जाड, खडबडीत सालीच्या आणि तिरप्या असाव्यात. पेरूची फांदी या कामाला उत्तम, आंब्याचीही चालते. कण्हेर विषारी आहे, ती चुकूनही नको. सोसायटीच्या आवारातले झाड आपल्या मनाने तोडू नये, महाराष्ट्रात १९७५ पासून त्यासाठी कायदा आहे; पावसाळ्यापूर्वी महापालिका छाटणी करते तेव्हा पडलेल्या फांद्यांतली एखादी मागून घ्यावी किंवा गावाहून आणावी. ती घासून, धुऊन, आठवडाभर कडक उन्हात वाळवून बोल्टने फळीला पक्की करावी, कारण पाच किलोचा प्राणी फांदीसकट खाली आला, तर काच आणि पाय दोन्ही मोडतात. तळाला वाळू, भुसा किंवा लाकडाची साल घालू नये; इग्वाना जिभेने चाटत फिरतो आणि ते पोटात जाऊन अडकते. वर्तमानपत्र पुरते. पाण्यासाठी त्याला अंग बुडवता येईल एवढे घमेले ठेवावे. तो बहुधा त्यातच विष्ठा करील, म्हणून ते रोज उचलून स्वच्छ करता येईल अशा जागी हवे.

ते घमेले स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीही धुऊ नका. इग्वाना तंदुरुस्त दिसत असला, तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसे यांना त्यांचा त्रास जास्त होतो. तुमच्या घरी सासूबाई आहेत, म्हणून बाथरूममध्ये वेगळी बादली, वेगळा ब्रश आणि पेटीशेजारी हात धुण्याची आठवण करून देणारी साबणाची बाटली हवी. पेटी पुसायला फिनेल वापरू नये; साबणाच्या पाण्याने धुऊन, पातळ केलेले ब्लीच दहा मिनिटे ठेवून, स्वच्छ धुऊन कोरडे करावे. घरात वर्षाकाठी पेस्ट कंट्रोल होत असेल, तर त्या दिवशी प्राणी दुसरीकडे हलवावा लागेल. झुरळांचा स्प्रे, मच्छरांची कॉइल आणि धूप या गोष्टी त्या खोलीत पूर्ण बंद.

कागदपत्रांची तयारी हीही घराचीच तयारी आहे. हिरवा इग्वाना साइटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अशा परदेशी प्रजाती आल्या आहेत. कायद्याच्या ४९-एम कलमानुसार आणि २०२४ च्या नियमांनुसार तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत 'परिवेश २.०' या सरकारी संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. विक्रेता प्राण्याचे कागद दाखवत नसेल, 'त्याची काही गरज नसते' असे म्हणत असेल, तर तिथून उठून यावे. नोंदणीची एक प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि एक वॉचमनला दाखवून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो. मोठा झालेला इग्वाना आपल्या लोकांना हमखास घोरपड वाटतो. घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळणे हा गुन्हा आहे, आणि 'सहाव्या मजल्यावर घोरपड ठेवली आहे' असा फोन सर्पमित्राला किंवा वनखात्याला करणाऱ्या शेजाऱ्याचा हेतू वाईट नसतो.

आहाराचे तपशील पुढे केव्हा तरी लिहीन. आज एवढेच सांगतो की हा प्राणी पूर्ण शाकाहारी आहे, अंडे किंवा कीटक त्याला देऊ नयेत. शेवग्याचा पाला, तुतीची पाने आणि जास्वंदीची पाने-फुले मुंबईत बारा महिने मिळवता येतात, पालक रोजचा नको आणि अळू मुळीच नको. घराजवळचे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सरपटणारे प्राणी पाहतातच असे नाही, म्हणून ते पाहणाऱ्या डॉक्टरांचे नाव, पत्ता आणि रात्रीचा फोन आधी मिळवावा.

आता त्या रिकाम्या घराच्या दोन-अडीच महिन्यांविषयी. दिवाळीत फटाक्यांचा आवाज आणि धूर असतो, नवा प्राणी आणायला याहून वाईट आठवडा नाही. पण सुतारकामाला ती सुट्टी चांगली. नोव्हेंबरच्या अखेरीस पेटीचा वास गेला की दिवे चालू करावेत. एक साधी वही घेऊन मुलाने वरची फळी, मधली फांदी आणि तळ या तीन जागांचे तापमान सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री दहा वाजता लिहावे, सोबत आर्द्रता लिहावी. फळीचे तापमान मोजायला अंतरावरून मोजणारी औद्योगिक थर्मामीटर गन घ्यावी; कोविडच्या दिवसांत सोसायटीच्या गेटवर कपाळाला लावत ती नव्हे, ती माणसाच्या तापाच्या पल्ल्याबाहेर गेली की आकडाच दाखवत नाही. माझ्या वहीत पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता वरच्या फळीवर ४४ अंश लिहिलेले आहेत. दुसऱ्या दिवशी दिवे चार इंच वर घेतले तेव्हा ३९ झाले, आणि पाचव्या दिवशी वरची खिडकी थोडी मोठी केली तेव्हा ३५ आले. पहिल्या दिवशी प्राणी आत असता, तर तो पाच दिवस ४४ आणि ३५ यांच्या मध्ये कुठेतरी भाजत-निवत राहिला असता.

तुमची पेटी डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींतून जाईल, तेव्हा तापक पुरेसा आहे का हे कळेल. मुलाने वही शेवटपर्यंत लिहिली का, हेही त्यातच कळेल. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातले वहीचे एक पान, तिन्ही वेळांच्या नोंदींसह आणि मध्येच कोऱ्या राहिलेल्या दिवसांसकट, माझ्याकडे पाठवा. पिल्लू कसे निवडावे ते मग लिहितो.